किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'संगणक व समाजमाध्यमे : काही उपयुक्त सूचना' असं छापलं आहे. सूचना मी देणारच आहे, वहीपेन काढून ठेवा. पण जेवणानंतरचं सत्र आणि त्यात संगणक, म्हणजे निम्म्या जणींनी आत्ताच ठरवलं असेल की हे आपल्यासाठी नाही, ऑफिसातली ती बीसीए झालेली मुलगी बघून घेईल. मला आधी त्याबद्दलच बोलायचं आहे.

जुन्या घरांत कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला असायचा. राबायच्या सगळ्या सुना, पण साखर किती निघायची ते जिच्या कमरेला जुडगा ती ठरवायची. आपल्या संघटनांमध्ये संगणक येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. मी जिथे जाते तिथे विचारते, याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "तो मुलगा येतो ना, त्याला." तो मुलगा म्हणजे कुणाचा तरी भाचा, नाहीतर चौकातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातला. चांगला असतो बिचारा, चहासुद्धा घेत नाही. पण पुरुषसत्तेवर शिबिरं घेणाऱ्या संघटनेच्या सगळ्या केसेस, सगळे पत्ते, देणगीदारांच्या याद्या आणि बायकांनी रडत रडत सांगितलेल्या हकिगती ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली एकट्या त्याच्याकडे आहे, हे आपल्याला खटकत कसं नाही?

मी काही इंजिनियर नाही. समुपदेशन केंद्रात केसेस घेता घेता ऑफिसातला संगणक सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. हे काम कोठीघर लावण्यासारखं आहे. डबे कुठे आहेत, काय संपत आलंय, कशाला बुरशी धरली, किल्ली कुणाला द्यायची. उपमा स्वयंपाकघरातली दिली म्हणून रागावू नका, मुद्दा एवढाच की यातलं अवघड असं काही नाही. यंत्र म्हटलं की आपला हात मागे जातो, कारण मिक्सर बिघडला तरी 'तू हात लावू नको' हे ऐकत आपण मोठ्या झालो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांत तेच प्रमाण ५७ टक्के. स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका ५४ टक्के. म्हणजे जिला आपण 'अडचण आली की फोन कर' असं सांगतो तिच्याकडे त्या वेळी स्वतःचा फोन असण्याची शक्यता जेमतेम निम्मी होती. हे डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

पहिलं काम वहीचं. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि संघटनेच्या नावानं काय काय उघडलेलं आहे ते लिहून काढा. ईमेल, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप कोणत्या नंबरवर आहे, बँकेचं नेटबँकिंग, वेबसाईट असेल तर तिचं नाव कुणी विकत घेतलं आणि त्याचे पैसे दरवर्षी कोण भरतं. प्रत्येकापुढे लिहा की पासवर्ड विसरला तर ओटीपी कुठल्या नंबरवर जाईल. बहुतेक संघटना इथेच अडकतात. दहा वर्षांपूर्वी एका कार्यकर्तीच्या नंबरवर ईमेल उघडलेला असतो, ती दुसऱ्या गावी जाते, सिम बंद पडतं. बंद पडलेला नंबर मोबाईल कंपनी कमीत कमी ९० दिवस तसाच ठेवते आणि मग दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. आता आपल्या केंद्राच्या ईमेलची किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात. म्हणून संस्थेचं वेगळं सिम संस्थेच्याच नावावर घ्या, आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी नाव घेऊन एकीवर टाका. फेसबुक पेजचा पूर्ण ताबा कमीत कमी दोघींकडे हवा. जी संघटना सोडून जाते तिचं नाव त्याच आठवड्यात काढायचं. हे सांगायला आपल्याला फार अवघड वाटतं, अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण खजिनदार बदलली की बँकेतल्या सह्या बदलतोच ना आपण?

पासवर्ड. संघटनेचं नाव आणि पुढे स्थापनेचं वर्ष, हा पासवर्ड मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता न विचारता सांगू शकते. त्याऐवजी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा. खलबत्ता, टमटम, जांभूळ, आत्याबाई, असे. हे चार आता वापरू नका, इतक्या जणींनी ऐकलेत. प्रत्येक खात्याला वेगळे शब्द. लक्षात राहणार नाहीत, तर वहीत लिहा आणि वही केसपेपरच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. जाणकार लोक यावर नाक मुरडतात. ते म्हणतात बिटवॉर्डनसारखं पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. ते फुकट मिळतं, चांगलं आहे, जमेल तिनं जरूर वापरावं. पण परदेशात बसून पासवर्ड पळवणारा चोर तुमच्या उदगीरच्या कपाटापर्यंत येत नाही, आणि वहीला वीज लागत नाही. फक्त ही वही घरी न्यायची नाही. आणि दोन टप्प्यांची पडताळणी, जिला तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हटलेलं असतं, ती ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे आजच चालू करा. व्हॉट्सॲपवर तो सहा आकडी पिन असतो. तो लावलेला असला की नुसता ओटीपी गोड बोलून काढून घेणाऱ्याला तुमच्या खात्यात शिरता येत नाही.

आता यंत्र. आपल्याकडचा संगणक बहुतेक वेळा देणगीतून आलेला, कुणा कंपनीनं काढून टाकलेला. त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. यंत्र चालूच राहतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण भिंतीला नवं भोक सापडलं तर बुजवायला आता गवंडी येत नाही. तुमचा संगणक विंडोज ११ पेलत असेल तर ते घ्या. पेलत नसेल तर लगेच भंगारात घालू नका. लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावर बरं चालतं. आपली कामं तरी काय असतात? पत्रं, निवेदनं, हिशेबाचा तक्ता, ईमेल. लिबरऑफिसमध्ये हे सगळं होतं, तेही फुकट आहे आणि मराठीतून वापरता येतं. हिशेब टॅलीवर असेल तर मात्र विंडोज लागेल, तेव्हा आधी हिशेब लिहिणाऱ्या बाईंना विचारा. 'तो मुलगा' चोरीचं विंडोज आणि चोरीचं फोटोशॉप टाकून देतो ते नको. नीतीचं प्रवचन करत नाही मी. बनावट किल्ली करून देणारा स्वतःकडे एक ठेवून घेतो की नाही, ते आपल्याला कधीच कळत नाही, एवढ्यासाठी.

पडद्यावर 'अपडेट करायचं का' असं आलं की आपण 'नंतर आठवण करा' दाबतो. दर शनिवारी निघताना 'आता करा' दाबायचं आणि पंधरा मिनिटं जास्त बसायचं. फोनलाही तेच. आणि महिन्यातून एकदा सगळ्या फायलींच्या दोन नकला: एक ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी एका विश्वासू मैत्रिणीकडे, दुसऱ्या इमारतीत. नक्कल घेतली म्हणजे झालं असं नाही. अधूनमधून त्यातली एखादी फाईल उघडून बघायची. न उघडणारी नक्कल म्हणजे रिकामा डबा.

इथे जरा विषयांतर करते, पण ज्यांच्याकडे तीस वर्षांचं दप्तर आहे त्यांना हे उपयोगी पडेल. आपल्या जुन्या पत्रकांचे, अंकांचे, सत्यशोधन अहवालांचे मजकूर श्रीलिपीत नाहीतर आकृतीत टाईप केलेले आहेत, पानं पेजमेकरमध्ये लावलेली. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाईल खराब झाली असं समजून लोक पुसून टाकतात. पुसू नका. फॉन्ट बदलून युनिकोडमध्ये आणणारी सॉफ्टवेअर मिळतात, आणि पेजमेकरची फाईल बऱ्याचदा लिबरऑफिसमध्ये उघडते. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो. जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं, ते काम ज्येष्ठ मैत्रिणींना द्या, त्यांना त्यातल्या घटना आठवत असतात. इथून पुढे मात्र सगळं युनिकोडमध्येच लिहायचं, म्हणजे फोनवर, ईमेलमध्ये, दुसऱ्या संघटनेच्या यंत्रावर, सगळीकडे तेच अक्षर दिसेल.

मराठीचा आग्रह धरायला लाजू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. फोन तापायचे, अडकायचे, आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीतून. त्या बायकांनी 'आम्हाला जमत नाही' असं म्हटलं नाही, 'हे यंत्र आमच्या कामाचं नाही' असं म्हटलं. मला वाटतं आपल्यापैकी शिकल्यासवरलेल्यांना अजून तेवढंही बोलता येत नाही.

केसेसबद्दल. फाईलला बाईचं नाव देऊ नका, केस नंबर द्या. नंबर आणि नाव यांचा मेळ कागदी रजिस्टरमध्ये, कुलपात. एकच संगणक सगळ्या वापरत असतील तर विंडोजमध्ये दोन वेगळे प्रवेश करा, एक सर्वांचा आणि एक फक्त समुपदेशक बायांचा. केसेसचा फोल्डर वेराक्रिप्ट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं कुलूपबंद करता येतो. मग संगणक चोरीला गेला किंवा दुरुस्तीला गेला तरी आत डोकावता येत नाही. पण त्याचा पासवर्ड हरवला तर तुम्हालाही आत जाता येणार नाही, म्हणून तो त्या वहीत पाहिजेच. दुरुस्तीला यंत्र पाठवायची वेळ आली तर एकीनं दुकानात शेजारी बसायचं. कंटाळवाणं आहे, पण बसायचं.

आणि झेरॉक्सचं दुकान! बाईची तक्रार, तिचं आधार कार्ड, मारहाणीचे फोटो, सगळं आपण 'दादा, एक प्रिंट काढा' म्हणून दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळ्या होतो. ते त्याच्या फोनमध्ये आणि संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहतं. लहान गावात त्या दुकानात तिचा दीरही येतो. पेनड्राइव्ह न्या, समोर प्रिंट काढून घ्या, त्याच्या यंत्रावर नक्कल राहिली असेल तर त्याला पुसायला लावा. तुमच्या यंत्रात तो पेनड्राइव्ह परत लावण्याआधी व्हायरससाठी तपासा. खरं सांगायचं तर पुढच्या देणगीतून लहान प्रिंटर घ्या. बॅनर एखादा कमी छापला तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडे येणाऱ्या बाईचा फोन.

एक बाई आमच्याकडे येत होती. ती केंद्रात येऊन गेली की संध्याकाळी नवरा तिला विचारायचा, "आज काय सल्ला मिळाला?" तिला वाटायचं शेजारणीनं सांगितलं, आम्हाला वाटायचं आमच्यातल्याच कुणी. शेवटी फोन बघितला. कुठलंही भारी गुप्तहेर सॉफ्टवेअर नव्हतं. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं तो नवऱ्याच्याच जीमेलवर चालू करून दिला होता. म्हणजे तिचे फोटो, तिनं साठवलेले नंबर, ती कुठे आहे, हे सगळं त्याच्या खात्यात आपोआप जात होतं. शिवाय तिचं व्हॉट्सॲप त्याच्या संगणकाला जोडलेलं होतं. त्याला फक्त अर्धं मिनिट तिचा उघडा फोन हातात मिळावा लागतो. पुढे तिचा फोन बंद असला तरी त्या संगणकावर मेसेज दिसत राहतात.

म्हणून केस घेताना हे बघायची सवय लावा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडायचं. तिथे तिनं स्वतः न जोडलेलं यंत्र दिसतं का? फोनच्या सेटिंगमध्ये गुगल खातं कुणाच्या नावाचं आहे, आणि तेच खातं आणखी कोणत्या यंत्रांवर उघडं आहे त्याची यादी. गुगल मॅप्समध्ये 'लोकेशन शेअरिंग' चालू आहे का. *#२१# डायल केलं की बहुतेक फोनवर कळतं की तिचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले आहेत का. 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या यादीत अनोळखी नावाचं ॲप आहे का, आणि प्ले प्रोटेक्ट कुणी बंद करून ठेवलंय का. चोरून नजर ठेवणारी ॲप टाकताना ते बहुधा बंदच करावं लागतं. आयफोन असेल तर त्यात 'सेफ्टी चेक' म्हणून याच कामासाठी सोय आहे. सिम कुणाच्या नावावर आहे तेही विचारा. नवऱ्याच्या नावावर असेल तर तो उद्या ते बंद करवून स्वतः नवीन सिम काढू शकतो, आणि मग तिचे सगळे ओटीपी त्याच्याकडे.

बघितलं म्हणजे लगेच बंद करायचं असं नाही. हे मी दोनदा सांगते कारण आपल्यातल्या तरुण मुलींना फार घाई असते. ज्या क्षणी तुम्ही ते यंत्र तोडता किंवा लोकेशन बंद करता त्या क्षणी त्याला कळतं की हिला कळलंय. आणि बाई त्या रात्री त्याच घरात झोपायला जाणार असते. आधी तिच्याशी बोला. ती आज घरी जाणार आहे का, मुलं कुठे आहेत, माहेरी जाता येईल का. पुष्कळ वेळा शहाणपणाचं हे की जुना फोन आहे तसा चालू ठेवायचा, त्यावरून 'भाजी आणायला गेले होते' एवढंच बोलायचं, आणि आपल्याशी संपर्क केंद्राच्या फोनवरून किंवा मैत्रिणीच्या फोनवरून. निघायचं ठरलं की नवं सिम तिच्या नावावर, नवं जीमेल, नवे पासवर्ड, आणि हे सगळं जुन्या फोनवरून नाही. फोन बदलता येणार नसेल तर तो पूर्ण पुसून नव्यानं चालू करायचा. पण त्याआधी पुरावा.

पुराव्याबद्दल वकील मैत्रिणी उद्या सविस्तर सांगतील, मी यंत्रापुरतं सांगते. धमकीचा मेसेज आला की घाबरून पुसू नका आणि रागानं दहा जणींना पुढे पाठवू नका. त्या पडद्याचा फोटो असा घ्या की नंबर, तारीख, वेळ दिसेल. नुसत्या नावानं साठवलेला असेल तर नंबर दिसणाऱ्या पानाचाही घ्या. सगळं संभाषण 'एक्सपोर्ट' करून ईमेलवर ठेवा. मूळ फोन जपून ठेवा. अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या खटल्यात, तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल दिली तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागेलच. फोनची मालकीण स्वतः मूळ फोन घेऊन साक्षीला उभी राहिली तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे प्रमाणपत्र कलम ६३ मध्ये आहे आणि त्याचा एक भाग तज्ज्ञानं भरायचा आहे. म्हणून फोन पुसण्याआधी वकिलांना विचारा. आणि बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा फोनवरच्या संपर्कावर तिच्या इच्छेविरुद्ध पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पूर्वी ३५४ड. त्या कलमात नवऱ्याला सूट दिलेली नाही. पोलीस ठाण्यात मात्र 'नवरा-बायकोत कसली पाळत' असंच ऐकावं लागतं, तेव्हा कलमाचा मजकूर छापून बरोबर न्या.

आता ग्रुप आणि फीड. ग्रुपबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. मदत मागायला आलेल्या बायकांचा ग्रुप करू नका. त्यांना निरोप द्यायचा तर 'ब्रॉडकास्ट लिस्ट' करा, त्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. फक्त त्यांनी तुमचा नंबर साठवलेला हवा. मात्र तो काय नावानं साठवायचा ते तिला ठरवू द्या, 'शिवणक्लास' म्हणून ठेवला तरी चालेल. सेटिंगमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं' याला मर्यादा घाला. आणि बलात्काराच्या बातमीखाली त्या मुलीचं नाव, फोटो, गाव पुढे ढकलणं हा गुन्हा आहे, संहितेचं कलम ७२. न्याय मागण्याच्या भरात आपल्याच लोकांकडून हे होतं.

फीडचं जरा समजून घेऊ. पूर्वी आपण पत्रक सायक्लोस्टाईल करायचो, शंभर काढली तर शंभर हातांत पडायची. फेसबुकवर आपण लिहितो तेव्हा ते कुणापुढे जाईल हे फेसबुक ठरवतं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी जाहीरच केलं की पेजपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या पोस्ट वर दाखवू. त्यानंतर कितीतरी संघटना म्हणायला लागल्या की लोकांना आता आपल्यात रस राहिला नाही. रस असेल नसेल, पत्रकच पोचत नव्हतं. तिथे जे जास्त वेळ बघितलं जातं, ज्यावर जास्त भांडण होतं, ते वर येतं. तुम्ही संतापून एखाद्या बाईद्वेष्ट्या पोस्टखाली चार उत्तरं लिहिता, तेव्हा यंत्राला एवढंच कळतं की हे हिला आवडतंय, आणखी वाढा.

तेव्हा जे वाचायचंच आहे ते आपण निवडायचं. फेसबुकच्या मेनूत 'फीड्स' नावाचा वेगळा कप्पा आहे, तिथे तुम्ही धरलेल्या पेजेसच्या पोस्ट नव्या आधी अशा क्रमानं दिसतात. इन्स्टाग्रामवर 'फॉलोइंग' निवडलं की तसंच. नात्यातला काका रोज विष ओकतो पण मैत्री तोडता येत नाही, लग्नकार्यात तोंड दाखवायचंय. त्याला 'अनफॉलो' करा किंवा तीस दिवस 'स्नूझ' करा, त्याला काही कळत नाही. फोनवरच्या सूचना, त्या टिंगटिंग, फक्त फोन कॉलच्या आणि केंद्राच्या ग्रुपच्या ठेवा, बाकी सगळ्या बंद. आणि आपली स्वतःची पत्त्यांची व नंबरांची यादी जिवंत ठेवा. जून २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं, तिथे खेड्यापाड्यातल्या बायकांनी जमवलेले हजारो प्रेक्षक गेले, आणि त्यांच्याकडे कुणाचा पत्ता नव्हता. ज्यांना हे त्रैमासिक पोस्टानं जातं त्यांची यादी कुठल्या कंपनीकडे नाही, आपल्याकडे आहे.

शिवीगाळ. बायका सार्वजनिक बोलल्या की ती येतेच. पेजच्या सेटिंगमध्ये शब्दांची यादी देता येते, ते शब्द असलेली प्रतिक्रिया आपोआप झाकली जाते. इन्स्टाग्रामवर त्याला 'हिडन वर्ड्स' म्हणतात. कंपनीची यादी इंग्रजी शिव्यांची चांगली असते, मराठीच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. म्हणून एका दुपारी चौघी बसा आणि यादी करा, देवनागरीत आणि रोमनमध्ये, जितक्या प्रकारे लोक ते लिहितात तितक्या प्रकारे. आमच्याकडे ही यादी करताना सुरुवातीला सगळ्या लाजत होत्या, अर्ध्या तासानं हसून हसून पोट दुखलं. जातीवरून आणि धर्मावरून येणाऱ्या शिव्या विसरू नका. आपल्यातल्या दलित आणि मुस्लीम मैत्रिणींना कोणत्या येतात हे त्यांनाच विचारा, तुमच्या डोक्यात त्या येणार नाहीत. जुलै २०२१ ला 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावाखाली मुस्लीम बायकांचे, त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं त्याच महिन्यात अटका केल्या. म्हणजे मनात आणलं तर शोध लागतो.

उरलेल्या प्रतिक्रिया कुणाला तरी वाचाव्याच लागतात, धमकी आहे की नुसती घाण आहे ते बघायला. ते काम एकीवर टाकू नका. पाळी लावा, आठवड्याला एक, आणि त्या आठवड्यात तिला केस देऊ नका. दिवसभर मारहाणीच्या हकिगती ऐकून रात्री घरी शिव्या वाचत बसलेली कार्यकर्ती वर्षभरात आजारी पडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ते आपण 'तिला जमत नव्हतं' म्हणून सोडून देतो.

एखाद्या मुलीचे खाजगी फोटो पसरवण्याची धमकी आली असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सोय डिसेंबर २०२१ पासून आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही. तिच्या फोनवरच त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि फक्त ठसा कंपन्यांकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम अशा सहभागी ठिकाणी तो फोटो कुणी टाकला तर तो ओळखून काढता येतो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी. लहान मुलींसाठी 'टेक इट डाउन' नावाची वेगळी आहे. व्हॉट्सॲपवरून फिरणारा फोटो यानं थांबत नाही. तेव्हा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची, बायका आणि मुलांसाठीच्या प्रकारात नाव न देताही ती करता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, पैसे गेले तर तासाभरात तिथे फोन करा, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका. आणि मुलीला पहिलं वाक्य 'फोटो काढू कशाला दिलास' असं ऐकवायचं नाही. इथे बसलेल्यांना हे सांगायला लागू नये, पण तिच्या आईला सांगावं लागतं.

वेळ संपत आली, चिठ्ठी आलीय. चहा झाला की इथेच बसायचंय. प्रत्येकीनं स्वतःचा फोन काढायचा, आधी 'लिंक्ड डिव्हायसेस' बघायचं, मग गुगल खातं कुणाच्या नावाचं आहे ते. दोघीदोघींच्या जोड्या करा, एक चाळिशीच्या वरची आणि एक खालची. फोन वरच्या वयाच्या बाईच्याच हातात राहील, धाकटीनं बोट लावायचं नाही, फक्त तोंडानं सांगायचं. कुणाला काही अनोळखी यंत्र दिसलं तर ओरडू नका, काही बंद करू नका, शांतपणे माझ्याकडे या. मी त्या खिडकीपाशी बसते.